कॅम्पचा विषय काढायचा नाही: जपानी-अमेरिकन समाजाचं प्रकरण

कॅलिफोर्नियातली एक शाळा, १९६०च्या दशकाची अखेरची वर्षं. एक मुलगी वर्गापुढे उभी राहून नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाविषयी सांगत होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच देशातल्या जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत कोंडलं, असा विषय. सांगता सांगता तिने सर्वोच्च न्यायालयातल्या एका खटल्याचं नाव घेतलं, ‘कोरेमात्सू विरुद्ध अमेरिका’, आणि अख्खा वर्ग वळून एका मुलीकडे बघायला लागला. ती होती कॅरन कोरेमात्सू. कॅरनला काहीच उमगेना. घरी जाऊन तिने आईला विचारलं, तर आई म्हणाली, हो, ते तुझे बाबाच.

ज्या माणसाने सरकारचा हुकूम मोडून सर्वोच्च न्यायालयापर्यंत झुंज दिली, त्याच्या पोटच्या मुलीला ते वयाच्या सोळाव्या वर्षी मैत्रिणीच्या तोंडून कळलं. वडिलांना विचारलं तेव्हा त्यांनीही विषय फार वाढवला नाही. जुनी गोष्ट आहे, मला योग्य वाटलं ते मी केलं, एवढंच.

कोरेमात्सूंचं घर अपवाद असतं तर लिहायची गरज नव्हती. हजारो घरांत हेच चाललं होतं. दोन अनोळखी वयस्क माणसं लग्नात भेटली की एकमेकांना पहिला प्रश्न विचारायची, “तुम्ही कोणत्या कॅम्पमध्ये होता?” उत्तर मिळालं की मान हलवायची आणि पुढे हवापाण्याच्या गप्पा. शेजारी खेळणाऱ्या मुलांना वाटायचं, आईबाबा लहानपणी सुट्टीतल्या शिबिराला गेले असतील. या गप्प बसण्याचं, आणि ते कसं सुटत गेलं त्याचं हे प्रकरण आहे. वंशावरून झालेल्या जुलमाचा मनावर किती काळ परिणाम राहतो, याची इतकी तपशीलवार नोंद फार थोड्या समाजांची झाली आहे.

काय झालं होतं

७ डिसेंबर १९४१ ला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. त्या रात्रीपासूनच पश्चिम किनाऱ्यावर धरपकड सुरू झाली. बौद्ध भिक्षू, जपानी भाषाशाळांचे शिक्षक, वर्तमानपत्रांचे संपादक, मंडळांचे पदाधिकारी, म्हणजे समाजात ज्यांच्या शब्दाला मान होता ते सगळे आधी उचलले गेले. वाचकाने हे लक्षात ठेवावं: समाजावर संकट कोसळलं तेव्हा त्याची वडीलधारी माणसं आधीच गायब होती.

१९ फेब्रुवारी १९४२ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाचा आदेश काढला. हुकमात ‘जपानी’ हा शब्द कुठेही नाही. लष्कराला वाटेल त्या भागातून वाटेल त्याला हलवण्याचा अधिकार, एवढंच. अंमलबजावणी करणारे जनरल जॉन डिविट यांनी मात्र आडपडदा ठेवला नाही. जपानी वंश हाच शत्रूचा वंश आहे, आणि अजून एकही घातपात झालेला नाही हेच तो होणार असल्याचं चिन्ह आहे, असा त्यांचा लेखी युक्तिवाद होता. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्या पणज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, त्या आपल्याकडच्या वाचकांना हा तर्क ओळखीचा वाटेल. पुरावा लागतच नाही, जन्माचा दाखला पुरतो.

जवळपास १ लाख २० हजार माणसं उचलली गेली. त्यातली दोन तृतीयांश अमेरिकेत जन्मलेली, म्हणजे अमेरिकेची नागरिक. पहिल्या पिढीला, ज्यांना ‘इस्सेई’ म्हणतात, नागरिकत्व मिळूच शकत नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने १९२२ मध्ये ते दार बंद केलं होतं, आणि ते १९५२ पर्यंत बंदच राहिलं. ‘निसेई’ म्हणजे त्यांची मुलं, जन्माने अमेरिकन. युद्धानंतर वाढलेली तिसरी पिढी ‘सानसेई’. या तीन शब्दांशिवाय हे प्रकरण सांगता येत नाही.

सिॲटलजवळच्या बेनब्रिज बेटावरून ३० मार्च १९४२ ला पहिली २२७ माणसं हलवली गेली. हातात मावेल तेवढंच सामान. प्रत्येक कुटुंबाला एक नंबर, आणि तो नंबर लिहिलेली चिठ्ठी अंगावरच्या कोटाला आणि ट्रंकेला सारखीच बांधलेली. घरं, शेतं, होड्या, दुकानं मिळेल त्या भावाने फुंकावी लागली. छावण्या तयार होईपर्यंत अनेकांना घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानांवर ठेवलं, सॅन्टा अनिटा आणि टॅनफोरान इथे चक्क तबेल्यांत. भिंतींना चुना मारला होता, वास तसाच होता.

मग दहा छावण्या: वाळवंटात, माळरानावर, दलदलीत. कॅलिफोर्नियातल्या मॅन्झनारला २० फूट बाय २५ फुटांच्या एका खोलीत आठ माणसं. एका खोलीत दोन कुटुंबंही यायची, मध्ये चादर बांधून. संडासांना आडोसा नव्हता, म्हणून बायका मध्यरात्रीची वाट बघायच्या, काही जणी सोबत पुठ्ठ्याचा मोठा खोका घेऊन जायच्या. जेवण सार्वजनिक भटारखान्यात, रांगेत ताट घेऊन. थोड्याच दिवसांत मुलं आईबापांना सोडून आपल्या टोळक्याबरोबर जेवायला लागली. घराचा कणा म्हणजे एकत्र बसून घेतलेलं जेवण असं मानणारा हा समाज, त्याचं घर रांगेत उभं राहून मोडलं. बापाची कमाई महिन्याला १२ ते १९ डॉलर, आणि वीस वर्षांच्या पोराचीही तेवढीच. बापाने रागावायचं तरी कोणत्या तोंडाने?

प्रश्न २७, प्रश्न २८

मला विचाराल तर या प्रकरणातली सगळ्यात खोल जखम काटेरी तारेची नाही, एका छापील फॉर्मची आहे.

१९४३च्या सुरुवातीला छावण्यांतल्या प्रत्येक प्रौढाला एक प्रश्नावली भरायला लावली. सत्ताविसावा प्रश्न: हुकूम मिळेल तिथे अमेरिकेच्या सैन्यात लढायला तयार आहात का? अठ्ठाविसावा: अमेरिकेशी निर्विवाद निष्ठा ठेवाल, आणि जपानच्या सम्राटावरची निष्ठा सोडून द्याल का?

निसेई तरुणाने ‘हो’ म्हटलं, तर आजवर सम्राटावर निष्ठा होती हे कबूल केल्यासारखं. ‘नाही’ म्हटलं तर देशद्रोही. म्हाताऱ्या इस्सेईंची तर इकडे आड तिकडे विहीर: अमेरिका नागरिकत्व देत नाही, आणि आहे ते जपानचं सोडलं तर माणूस कुठलाच राहत नाही. काहींना वाटलं, हो म्हटलं की पोराला लढाईवर नेतील. काहींना वाटलं, नाही म्हटलं तर निदान कुटुंब एकत्र राहील. रात्र रात्र भांडणं झाली. एकाच घरात बापाचं उत्तर एक, मुलाचं दुसरं.

‘नाही-नाही’ म्हणणाऱ्यांना टूली लेकच्या छावणीत वेगळं काढलं. तिथे जास्त पहारा, रणगाडे, तुरुंगात तुरुंग. एके वेळी अठरा हजारांहून अधिक माणसं तिथे होती. भीतीपोटी, संतापापोटी, कुटुंबाची ताटातूट टाळण्यासाठी ५,५८९ जणांनी अमेरिकेचं नागरिकत्व सोडलं. ते परत मिळवून देण्यासाठी वेन कॉलिन्स नावाचा एक वकील १९६८ पर्यंत भांडत राहिला, आणि जवळपास ५,००० जणांना ते मिळवून दिलं. दुसऱ्या बाजूला ‘हो-हो’वाले हजारो तरुण ४४२व्या रेजिमेंटमध्ये इटली आणि फ्रान्सला लढायला गेले. त्यांचे आईबाप तारेच्या आत, मुलाच्या मृत्यूची तार छावणीच्या पत्त्यावर. हार्ट माउंटनच्या छावणीत आणखी एक वाट निघाली: आमचे हक्क परत द्या, मग लढायला येतो, असं म्हणत सैन्यभरतीला नकार. १९४४ मध्ये त्यातल्या ६३ जणांना एकाच खटल्यात शिक्षा झाली.

म्हणजे जुलूम करणाऱ्याने प्रश्न विचारला आणि समाज त्या प्रश्नाच्या उत्तरावरून फुटला. खबऱ्या असल्याचा संशय आला की ‘इनू’ म्हणायचे, इनू म्हणजे कुत्रा. मॅन्झनारला ६ डिसेंबर १९४२ ला, प्रश्नावलीच्याही आधी, अशाच संशयाच्या वातावरणात जमलेल्या जमावावर सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि दोन तरुण गेले. ‘इनू’, ‘नाही-नाहीवाला’, ‘भरतीतून पळालेला’ हे शिक्के युद्ध संपल्यावर पुसले गेले नाहीत. लष्कराच्या आदेशापेक्षा हेच शिक्के लोकांना जास्त जपून लपवावे लागले. आदेश परक्यांनी काढला होता. शिक्के आपल्याच माणसांनी मारले होते.

फ्रेड कोरेमात्सूंचंच बघा. ओकलंडचा २३ वर्षांचा वेल्डर. छावणीत जायचं नाही म्हणून नाव बदललं, डोळ्यांच्या पापण्यांवर शस्त्रक्रियाही करून घेतली. (आपला चेहराच गुन्हा आहे असं वाटायला लागलं की माणूस कुठवर जातो, यासाठी मला दुसरं उदाहरण लागत नाही.) पकडला गेला, खटला लढायला तयार झाला, आणि टोपाझच्या छावणीत पोचला तर तिथले लोकही त्याच्यापासून चार हात लांबच राहिले. याच्यामुळे आपल्यावर आणखी काही ओढवायला नको, ही भीती. १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो ६ विरुद्ध ३ ने हरला. पुढे मुलीला त्याने काही सांगितलं नाही, यात नवल काय?

घरात काय उरलं

छावण्या बंद झाल्या तेव्हा माणशी २५ डॉलर आणि रेल्वेचं तिकीट हातात ठेवलं. सोबत अधिकाऱ्यांचा सल्ला: घोळका करून राहू नका, रस्त्यावर जपानी बोलू नका, कुणाच्या डोळ्यांवर येऊ नका. लोकांनी तो तंतोतंत पाळला.

दोन जपानी शब्द इथे समजून घ्यायला हवेत. ‘शिकाता गा नाई’, म्हणजे इलाज नाही, आपल्याकडच्या ‘आलिया भोगासी’च्या जवळचं. आणि ‘गामान’, म्हणजे तक्रार न करता, तोल ढळू न देता सोसणं. छावणीत या दोन शब्दांनी माणसांना जगवलं यात शंका नाही. त्याच बळावर त्यांनी वाळवंटात बागा केल्या, फळ्यांच्या उरलेल्या तुकड्यांतून खुर्च्या आणि कोरलेले पक्षी घडवले. पण बाहेर आल्यावर सोसायचं काही उरलं नव्हतं तरी सोसणं चालूच राहिलं. ज्या सवयीने वाचवलं तीच पुढे गळ्याशी आली.

१९८०च्या दशकात डोना नागाटा या मानसशास्त्राच्या अभ्यासक बाईंनी सातशेहून अधिक सानसेईंकडून प्रश्नावली भरून घेतली. त्या स्वतः सानसेई. आईबाप छावणीत असलेली मुलं आणि नसलेली मुलं यांची त्यांनी तुलना केली. छावणीविषयी घरात क्वचितच बोलणं व्हायचं, आणि झालं तर उडत उडत, बहुधा काहीतरी गमतीचं. पण मुलांना काही कळत नव्हतं असं नाही. घरात कशाला तरी हात लावायचा नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, ते काय हे मात्र माहीत नव्हतं. आईबाप छावणीत गेलेल्या मुलांचा या देशात आपले हक्क टिकतील यावरचा भरवसा कमी होता. स्वतः एक दिवसही तारेआड न काढलेली मुलं ही.

भाषा गेली. मुलांची नावं इंग्रजी, घरात बोलणं इंग्रजी, आजीशी नातवंडं खुणांनी बोलणार. आणि अभ्यासात, नोकरीत पहिला नंबर. बाहेरच्यांनी याला ‘आदर्श अल्पसंख्याक’ असं गोंडस नाव दिलं. छावणीतून आले आणि बघा किती पुढे गेले! मला हे कौतुक नेहमी खटकतं. १९८१ मध्ये समाजसेविका एमी इवासाकी मास यांनी साक्षीत या धडपडीची तुलना मार खाणाऱ्या मुलाशी केली होती: मार खाल्ला तरी आईबापांनी आपल्याला जवळ घ्यावं म्हणून मूल आणखी शहाण्यासारखं वागतं. दोष मारणाऱ्याचा मानला तर जगणंच अवघड, म्हणून दोष स्वतःकडे घ्यायचा. कामगिरी आणि लक्षण यांतला फरक बाहेरून दिसत नाही, हे ध्यानात घेतलं नाही तर समुपदेशकही फसतो.

आपल्या देशातही याचं एक भावंड आहे. १९६२च्या युद्धात आसाम, शिलाँग, दार्जिलिंग भागातल्या सुमारे ३,००० चिनी वंशाच्या माणसांना रेल्वेत भरून राजस्थानात देवळीच्या छावणीत नेलं होतं. त्यांत भारतात जन्मलेली कितीतरी. काहींना तिथे वर्षानुवर्षं काढावी लागली. पुढे बरेच जण कॅनडात टोरांटोला गेले, आणि त्यांच्याही घरांत बरीच वर्षं हा विषय निघाला नाही. आपल्या शाळांत तर तो आजही निघत नाही.

तोंडं उघडली ती कशी

१९६९च्या डिसेंबरात, कडाक्याच्या थंडीत, शंभर-दीडशे माणसं लॉस एंजेलिसहून मॅन्झनारला गेली. बहुतेक तरुण, नागरी हक्कांच्या आणि व्हिएतनामविरोधी चळवळीत तापलेले सानसेई. आपण पहिल्यांदाच इथे येतोय असं त्यांना वाटत होतं. तिथे गेल्यावर कळलं की दोन इस्सेई धर्मगुरू, एक बौद्ध आणि एक ख्रिश्चन, छावणी संपल्यापासून दरवर्षी इथे येऊन मेलेल्यांसाठी प्रार्थना करत होते. कुणाला न सांगता. छावणीतल्या लोकांनी १९४३ मध्ये बांधलेला पांढरा स्मृतिस्तंभ उभा होता, भोवती वाळू आणि वारा. त्या यात्रेत सू कुनितोमी एम्ब्री नावाची निसेई शिक्षिका होती, मॅन्झनारमध्ये राहिलेली. तिच्या वयाच्या कित्येकांनी तिला वेड्यात काढलं, खपली कशाला काढतेस म्हणून. ती पुढची साडेतीन दशकं दरवर्षी यात्रा काढत राहिली. १९९२ मध्ये मॅन्झनार राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झालं त्यात तिचा वाटा मोठा.

सिॲटलच्या लोकांनी १९७८च्या नोव्हेंबरात याहून धाडसाची गोष्ट केली. मोटारींचा ताफा करून ते प्युऑलपच्या जत्रेच्या मैदानावर गेले. १९४२ मध्ये त्यांना पहिल्यांदा ठेवलं होतं तेच ठिकाण. कोटाला पुन्हा कुटुंबाचा नंबर लिहिलेल्या चिठ्ठ्या बांधल्या, पण या वेळी आपल्या हाताने. दोन हजारांहून जास्त माणसं आली. छत्तीस वर्षांपूर्वी ज्या चिठ्ठीची लाज वाटत होती ती मुलांच्या देखत परत अंगावर बांधणं, हा मला या प्रकरणातला सगळ्यात हुशार उपचार वाटतो. तो कुठल्या तज्ज्ञाने सुचवला नव्हता, कार्यकर्त्यांनी आणि नाटकवाल्यांनी शोधला होता. स्मरणदिन पाळण्याची प्रथा तिथून सुरू झाली, आणि आता ती दर १९ फेब्रुवारीला देशभर पाळली जाते.

मग १९८० मध्ये छावण्यांच्या चौकशीसाठी अमेरिकेच्या संसदेने नेमलेली समिती. भरपाई आधी मागायची की चौकशी, न्यायालयात जायचं की संसदेत, यावर संघटनांत जोरदार भांडणं झाली. समिती म्हणजे वेळकाढूपणा असं अनेकांचं मत होतं, आणि माझंही तेव्हा असतं. पण १९८१च्या जुलै ते डिसेंबरमधल्या सुनावण्यांत ७५० हून अधिक माणसं साक्षीला आली. कामावर जाणाऱ्यांसाठी संध्याकाळच्या बैठका हव्यात, म्हाताऱ्यांसाठी जपानी दुभाषे हवेत, यासाठी कार्यकर्त्यांना आधी झगडावं लागलं. प्रत्येकाला बोलायला जेमतेम काही मिनिटं. साठीच्या पुढची माणसं, ज्यांना कधी कुणी रडताना बघितलं नव्हतं, हातातला कागद वाचता वाचता थांबायची. मागच्या बाकांवर त्यांची मुलं बसलेली असायची, आईचं किंवा बापाचं हे बोलणं आयुष्यात पहिल्यांदा ऐकत.

या सुनावण्या म्हणजे घरात बोलता न येणारी गोष्ट सरकारला सांगण्याच्या निमित्ताने मुलांना सांगणं होतं, असं मला त्यांविषयी वाचताना सतत जाणवलं. समोरासमोर बसून ‘बाळा, ऐक’ म्हणणं त्या पिढीला जमलं नसतं. माइक, टेबल आणि समितीचे लोक मध्ये असल्यामुळे ते जमलं. सगळंच गोड झालं असंही नाही. युद्धकाळात लष्कर खात्यात उच्च पदावर असलेले जॉन मॅक्लॉय यांनी साक्षीत छावण्यांचं समर्थन केलं आणि बोलण्याच्या ओघात त्याला पर्ल हार्बरची ‘परतफेड’ म्हणाले. सभागृहातून फूत्कार उठले. समितीतले एकमेव जपानी-अमेरिकन सदस्य न्यायमूर्ती विल्यम मारुतानी यांनी त्यांना त्या शब्दावर अडवलं. मारुतानी स्वतः टूली लेकमध्ये राहिलेले. चाळीस वर्षं जे सौजन्याच्या आड दडलं होतं ते सरकारी कागदावर उतरलं.

समितीच्या अहवालाने कारणं तीन सांगितली: वंशद्वेष, युद्धाचा उन्माद आणि राजकीय नेतृत्वाचं अपयश. लष्करी गरज नव्हतीच. १९८३च्या नोव्हेंबरात न्यायाधीश मॅरिलिन हॉल पटेल यांनी फ्रेड कोरेमात्सूंची शिक्षा रद्द केली. (आडनाव पाहून आपल्याकडचे वाचक दचकतात, म्हणून सांगतो: ते त्यांच्या पतीचं.) सरकारने पुरावे दडवले होते हे जुन्या कागदांतून बाहेर आलं होतं. ते कागद दफ्तरखान्यात रोज जाऊन शोधणाऱ्यांत आयको हेर्झिग-योशिनागा होत्या, सतराव्या वर्षी मॅन्झनारला गेलेल्या, इतिहासाची कुठलीही पदवी नसलेल्या.

चेक आणि पत्र

१० ऑगस्ट १९८८ ला राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी कायद्यावर सही केली: माफी, आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर. पहिले चेक ९ ऑक्टोबर १९९० ला वाटले, पहिल्या मानकऱ्यांत १०७ वर्षांचे मामोरू एतो. एकूण ८२,२१९ जणांना रक्कम मिळाली. सहीच्या आदल्या दिवशी वारलेल्याला काही नाही. ज्यांचं सगळ्यात जास्त गेलं ते इस्सेई बहुतेक आधीच गेले होते. दक्षिण अमेरिकेतून, मुख्यतः पेरूमधून, उचलून आणलेल्या जपानी वंशाच्या लोकांना या कायद्यातून वगळलं. पुढे १९९८ च्या तडजोडीत त्यांच्यापुढे ५,००० डॉलर ठेवले गेले.

पैसे घ्यावेत की नाही यावरही घराघरांत वाद झाले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मानणारे निसेई कमी नव्हते. पण चेकसोबत आलेलं राष्ट्राध्यक्षांचं एक छोटं पत्र अनेकांनी फ्रेम करून लावलं. तुमचा काही गुन्हा नव्हता, हे कुणीतरी अधिकाराने लिहून देण्याची किंमत बाहेरच्याला कळत नाही. माफीच्या कायद्यानंतर दुसऱ्याच वर्षी, १९८९ मध्ये, कृष्णवर्णीयांच्या गुलामगिरीच्या भरपाईचा अभ्यास करण्यासाठी जॉन कॉनियर्स यांनी संसदेत विधेयक मांडलं. ते कितीदा मांडलं गेलं तरी अजून पास झालेलं नाही.

जे माफीने मिटलं नाही

इथे पुष्कळ लिखाण संपतं: अन्याय, लढा, माफी, समाप्त. माझ्या मते खरी अवघड गोष्ट इथून पुढची आहे.

सरकारची माफी सगळ्यांना सारखीच होती. समाजातल्या समाजातले शिक्के तिने पुसले नाहीत. स्मारकं उभी राहिली ती आधी ४४२व्या रेजिमेंटच्या वीरांची. टूली लेकवाल्यांच्या मुलांना “कोणत्या कॅम्पमध्ये?” या प्रश्नाला पुढेही कित्येक वर्षं दुसऱ्या एखाद्या छावणीचं नाव सांगावंसं वाटायचं. युद्धकाळात सरकारशी जुळवून घेणाऱ्या आणि नकार देणाऱ्यांवर टीका करणाऱ्या जपानी अमेरिकन सिटिझन्स लीगने भरतीला नकार दिलेल्यांची जाहीर माफी मागितली ती २००२ मध्ये. टूली लेकच्या लोकांची आणखी उशिरा, २०१९ मध्ये. ठरावाच्या वेळी सभासदांत वाद झालेच. तोवर ऐकायला किती जण उरले होते, ते वाचकाने मोजावं.

सात्सुकी इना यांचा जन्म १९४४ चा, टूली लेकमध्येच. आईवडिलांनी ‘नाही-नाही’ लिहिलेलं, नागरिकत्व सोडलेलं. त्या मानसोपचारतज्ज्ञ झाल्या, आणि छावणीत बाळपण गेलेल्या माणसांना गटात बसवून बोलतं करण्याचं काम त्यांनी अनेक वर्षं केलं. गटात का? जखम एकेकट्याची नव्हती, म्हणून एकेकट्याला खोलीत बसवून भागत नाही, अशी त्यांची भूमिका. टूली लेकची यात्रा १९७४ पासून चालू आहे, आणि तिच्यातही हीच पद्धत रुळली: लांबचा बसप्रवास, एकत्र मुक्काम, आणि मुद्दाम तीन पिढ्या मिसळून केलेले छोटे चर्चागट. आपल्या बापाशी न बोलता आलेलं दुसऱ्याच्या बापाशी बोलता येतं. वारीला गेलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

२०१९ मध्ये हीच म्हातारी मुलं कागदाचे क्रौंच पक्षी घेऊन टेक्सासमधल्या डिली इथल्या स्थलांतरित कुटुंबांच्या कोठडीसमोर उभी राहिली, हजारो पक्षी कुंपणाला बांधले. त्याच वर्षी जूनमध्ये ओक्लाहोमातल्या फोर्ट सिल या लष्करी तळावर स्थलांतरित मुलांना ठेवायची योजना होती. युद्धकाळात इस्सेईंना तिथे डांबलं होतं. पोलिसांनी हटा म्हटलं तरी सत्तरी-ऐंशीची ही मंडळी हटली नाहीत. १९४२ मध्ये आमच्या बाजूने कुणी उभं राहिलं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. गामान करणाऱ्या आईबापांच्या मुलांनी पोलिसाला नाही म्हणणं, याची नोंद कोणत्या प्रश्नावलीत करायची मला ठाऊक नाही.

जखम भरली म्हणावं तर अधूनमधून चिघळतेही. टोपाझला ११ एप्रिल १९४३ ला ६३ वर्षांचे जेम्स वाकासा कुंपणाजवळ फिरत असताना पहारेकऱ्याने गोळी घालून मारले. पहारेकरी निर्दोष सुटला. सोबत्यांनी तिथे मोठा दगड उभा केला, अधिकाऱ्यांनी तो काढून टाकायला सांगितलं, तेव्हा त्यांनी तो जमिनीत पुरून टाकला. २०२० मध्ये पुरातत्त्वज्ञांना तो सापडला, आणि २०२१च्या जुलैमध्ये तिथल्या संग्रहालयाने तो यंत्राने उचलून नेला. छावणीतल्या कुटुंबांना, वंशजांना बोलावलं नाही, कुठली प्रार्थना नाही. हेतू वाईट नसेलही. पण न विचारता उचलून नेणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात तीन पिढ्या मुरलं आहे, त्यांच्यासाठी तो नुसता दगड नव्हता. पत्रं, बैठका, आरोप झाले, आणि वाकासांच्या मृत्यूला ८० वर्षं पूर्ण झाली तेव्हा, २०२३च्या एप्रिलमध्ये, अखेर त्या जागी विधी झाले.

सप्टेंबर २०२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या जपानी अमेरिकन संग्रहालयात एक जाडजूड ग्रंथ ठेवला गेला, अकरा-बारा किलो वजनाचा. बौद्ध भिक्षू आणि अभ्यासक डंकन र्‍यूकेन विल्यम्स यांनी कोंडलेल्या प्रत्येकाचं नाव शोधून यादी केली: १,२५,२८४ नावं. तोवर ‘सुमारे १ लाख २० हजार’ म्हणूनच काम चालायचं. नावं वयाप्रमाणे लावली आहेत, सगळ्यात म्हातारं माणूस आधी, छावणीत जन्मलेली बाळं शेवटी. वीर, नाही-नाहीवाले, इनू ठरवले गेलेले, सगळे जन्मसालाच्या ओळीत शेजारी शेजारी. सरकारी कागदांत ज्यांच्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं ते घरच्यांकडून दुरुस्त करून घेतलं जातं. येणाऱ्याने एक छोटा शिक्का निळ्या शाईत बुडवायचा आणि नावाखाली एक ठिपका उमटवायचा. घरचे लोक आजीचं नाव शोधतात, ठिपका उमटवतात, आणि मग बऱ्याचदा तिथेच थांबून त्याच पानावरच्या एखाद्या अनोळखी नावाखालीही, जिथे अजून एकही ठिपका नाही, शिक्का टेकवतात.